सुधाकराचे अश्रू आणि सिंधूचा जबाब



पुण्यात १९६८ साली ज्यांच्या नावाने रंगमंदिर उभे राहिले, त्या बालगंधर्वांच्या गाजलेल्या भूमिकांत राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू ही एक होय. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या रडविल्या. पण आपण रडतो कोणासाठी?

कथा आठवा. भर कोर्टात झालेला अपमान विसरण्यासाठी वकील सुधाकर पहिला प्याला घेतो. शेवटी दारूच्या धुंदीत त्याच्या हातून तान्हे मूल मरते व सिंधू मरणाच्या दारी पोहोचते. फौजदारापुढे ती नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे सांगते. मग सुधाकराला पश्चात्ताप होतो आणि तो विष घालून अखेरचा प्याला पितो. प्रेक्षक डोळे पुसतात. रसिक म्हणतात, पाहा, पात्र कसे शुद्ध झाले!

आम्हांला हे मुळीच मान्य नाही. मेलेल्या मुलाला त्या अश्रूंचा काय उपयोग? मरण पत्करणे म्हणजे केल्या अपराधासह जगण्यातून सुटका करून घेणे नव्हे काय? अंगुलिमालाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. भिक्षू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले. रक्तबंबाळ होऊन तो परतला, तेव्हा तथागतांनी त्याला ते सोसावयास सांगितले. तो मेला नाही, बदलून जगला.

गडकऱ्यांना हे कळत नव्हते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. याच नाटकात सुधाकर एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो. पुढे नोकरी मागावयास जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो, तेथे त्याची अवहेलना होते आणि निश्चय मोडतो. साऱ्या नाटकात आम्हांला हाच भाग खरा वाटतो. शपथ घेणे एका क्षणाचे काम आहे. खरी परीक्षा पुढच्या सकाळी, काम मागावयास बाहेर पडल्यावर होते.

त्यापूर्वी ६४ वर्षे, १८५५ साली, याच पुण्यात जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, हे नवल नव्हे! त्यात एक जोशी ग्रहांची भीती घालून गरोदर कुणबी बाईस लुबाडतो. आपण फसलो हे नवराबायकोस उमगते, तेव्हा ती दोघे विष घेत नाहीत. रात्रीच्या शाळेत जाऊन शिकावयाचे ठरवितात. आम्ही याला पात्राची वाढ म्हणतो.

आता आपल्या घरात पाहा. दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतलेला गृहस्थ पुन्हा पितो, बायकोला मारतो, सकाळी रडतो, आणि दवाखान्यात ती सांगते, "पाय घसरून पडले." भगिनींनो, हा सिंधूचाच जबाब आहे. 'एकच प्याला' पाहून परतताना मुलींना एवढेच विचारा : फौजदार आला तेव्हा सिंधूने काय सांगावयास हवे होते?