श्वानशिक्षकांनाही मंडळ हवे

आमच्या वडगावात मागांचा खडखडाट सुरू होण्याआधी रियाज उरकावा लागतो. गेल्या वर्षापर्यंत या रियाजाला एक न चुकणारा श्रोता होता. तो म्हणजे आमचा मोती, मुधोळ जातीचा कुत्रा. तानपुऱ्याची गवसणी निघाली की स्वारी उंबऱ्याशी येऊन पाय पसरी आणि भैरव संपेपर्यंत हलत नसे. दोष एकच होता. सायकल दिसली की तो तिच्यामागे धावे. हे पळणाऱ्या शिकारीवर नजर ठेवणारे कुळ, त्याला तो तरी काय करणार! पण शेजाऱ्यांची तक्रार आली, म्हणून मी त्याला एका शिकवणाऱ्याकडे ठेवले. ‘एकवीस दिवसांत सरळ करून देतो,’ असे त्या गृहस्थांनी सांगितले होते.

त्यांनी शब्द पाळला. मोती ‘बस’ म्हणताच बसू लागला. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे खुंटीवरचा तानपुरा काढण्यासाठी मी हात वर केला, तेव्हा तो जागच्या जागी मुतला आणि खाटेखाली शिरला. पट्ट्याखाली मानेचे केस गेले होते. मी विचारायला गेलो, तर उत्तर मिळाले, ‘काम झालं ना तुमचं?’

काम झाले होते, हे खरेच. पण झाले कसे, हे विचारायचे कोणाला? प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा 1960 साली झाला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला तो दहा ते पन्नास रुपये! खेळात वा सिनेमात जनावर वापरण्यासाठी त्याला शिकवणाऱ्यास त्याच कायद्याने नोंदणीची अट घातली. कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी 2017 साली नियम आले. पण घरच्या कुत्र्याला चार गोष्टी शिकवणारा या दोन्ही चौकटींबाहेर राहिला. ज्याला वाटेल त्याने पाटी लावावी आणि हाती येईल ते अवजार वापरावे.

माझे वडील एका दक्षिणी संस्थानात तरुणपणी दरबारी गवई होते. मी त्यांच्या उतारवयातला. ते सांगत, गवयाचा पगार आणि शिकारखान्यातल्या कुत्रेवाल्याचा पगार एकाच खजिन्यातून निघे, आणि चुकले तर दोघांनाही एकच धनी जाब विचारी. मुधोळच्या कुत्र्याचे नाव झाले तेही घोरपडे राजांच्या आश्रयाने. संस्थाने गेली आणि दोघांचाही धनी गेला. पण गवयाची सोय आधीच होऊ लागली होती. जवळच्याच कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि 1931 साली ते वारल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय मंडळ उभारले. अभ्यासक्रम ठरला, परीक्षा ठरल्या, कोणाला शिक्षक म्हणावे याला काही धरबंध आला. कुत्रेवाल्यांना कोणी पलुसकर भेटला नाही.

कोणी म्हणेल, कागदाने का विद्या येते? विशारद होऊनही षड्ज न लागणारे मी परीक्षक म्हणून पुष्कळ पाहिले आहेत. उलट, आमच्या भागातला मेंढपाळ धनगर कसलेही प्रमाणपत्र नसता कुत्र्याला नुसत्या शिटीवर वळवतो. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मंडळाने इंग्रजी पुस्तकावर परीक्षा घेऊन या माणसांना हाकलू नये. परीक्षा मैदानात, कुत्रा आणि त्याचा मालक समोर ठेवून, मराठीत किंवा कानडीत व्हावी. ‘ये’ म्हटले काय किंवा ‘बा’ म्हटले काय, कुत्र्याला सीमाप्रश्न नाही!

शिकवणारा आणि परीक्षा घेणारा मात्र वेगळा हवा. अमेरिकेत इयन डनबार या पशुवैद्याने 1993 साली घरगुती कुत्र्यांच्या शिक्षकांची संघटना काढली. पुढे 2001 साली परीक्षेचे काम स्वतंत्र संस्थेकडे गेले. आपल्याच शिष्याला आपणच गुण द्यायचे म्हणजे काय होते, हे संगीताच्या वर्गांत आम्हाला पुरते ठाऊक आहे.

तरीही माझ्या मते परीक्षा हे मंडळाचे दुय्यम काम होय. पहिले काम जाब विचारण्याचे. इथे स्वतःचीच एक गोष्ट सांगतो. नव्याने शिकवू लागलो तेव्हा ताल चुकणाऱ्या एका मुलाच्या बोटांवर मी पट्टी मारली. मीही तसाच शिकलो होतो, त्यात वावगे काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई संस्थेच्या चिटणिसांकडे गेली आणि चिटणिसांनी मला सर्वांदेखत उभे केले. फार लागले मनाला. पण त्यानंतर माझा हात कधी उठला नाही, आणि तो मुलगा तालाला पक्का झाला. मी सुधारलो तो माझ्या चांगुलपणाने नव्हे. विचारणारे कोणी होते म्हणून सुधारलो. त्या मुलाला बोलता येत होते आणि त्याला आई होती. मोतीला यांतले काहीच नव्हते.

पोलिसांच्या श्वानपथकात शिकवणाऱ्यावर वरिष्ठ असतो. 1993 साली मुंबईत स्फोटके हुडकणारा ‘जंजीर’ अशाच शिस्तीत पुण्याला तयार झाला. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्रही आहे. जातीची चिंता वाहणारे आहेत, शिकवणुकीची चिंता वाहणारे मात्र आमच्या भागात दिसत नाहीत.

तेव्हा बेळगाव, निपाणी, कोल्हापूर इकडच्या श्वानशिक्षकांनी एकत्र बसावे. त्यांत सचोटीची माणसे पुष्कळ आहेत, आणि वाईट शिक्षकामुळे पहिले नाव त्यांचेच बुडते. प्रारंभी इमारत नको, घटना नको. तीन गोष्टी पुरेत : काय करणार नाही याची छापील यादी, शिकवताना मालकाला समोर बसू देण्याची हमी, आणि तक्रार ऐकणारी तीन माणसे, त्यांतला एक पशुवैद्य.

मोती आता अंगणात बसून भैरव ऐकतो. उंबऱ्यापर्यंत अजून आलेला नाही. तानपुरा मी आता खुंटीला लावत नाही, रात्रीच खाली काढून ठेवतो.