नांगर सोडायचा? मग आधी वही घ्या

मे महिन्यात गावी गेलात की रात्री उशिरापर्यंत एक आवाज येत राहतो. कुणाच्या तरी रानात ट्रॅक्टर चालू असतो. उन्हाळी नांगरट. लहानपणापासून ऐकलेला आवाज, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं आपल्याला कधी वाटलंच नाही.

आणि मग एखाद्या रात्री हॉस्टेलच्या कॉटवर पडल्यापडल्या एक रील समोर येते. ‘नांगरट म्हणजे मातीचा खून.’ पाठोपाठ दुसरी, तिसरी. सुट्टीत घरी गेल्यावर जेवताना तुम्ही सांगून टाकता, “बाबा, या वर्षी नांगरट करू नका.” बाबा भाकरी मोडता मोडता विचारतात, “मग तण काय तुझा मोबाइल खाणार?”

सगळे हसतात, तुम्ही चिडता, विषय संपतो. तो असा संपू नये, म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगते. विना नांगरणी शेती करून पाहण्यासारखी आहे. पण तिचा फायदा सावकाश येतो आणि खर्च पहिल्याच हंगामात दारात येऊन उभा राहतो. शिवाय तो खर्च रील बघणाऱ्याला नाही, घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी भरावा लागतो.

आधी फायदा बघू. जमीन उलटीपालटी केली की ती भुसभुशीत दिसते खरी, पण आत बऱ्याच गोष्टी मोडतात. गांडुळांची बिळं, जुन्या मुळांनी करून ठेवलेल्या वाटा, बुरशीचं जाळं. माती उघडी पडली की तिच्यातला सेंद्रिय कर्ब लवकर जळून जातो. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फाळ फिरला की खाली कठीण थर तयार होतो आणि पाणी तिथे अडतं. आणि जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर पडला की ओढ्याचं पाणी कसं लाल-काळं होतं, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. ते आपलंच रान वाहत असतं. मुळं जमिनीतच ठेवली, वर काडीकचऱ्याचं पांघरूण ठेवलं, तर माती थांबते आणि ओल टिकते. ट्रॅक्टरचं भाडं वाचतं ते वेगळंच.

हे कुणी हवेत बोललेलं नाही. ब्राझीलच्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ मध्ये नांगर बाजूला ठेवला, कारण पावसात त्याची माती वाहून जात होती. आज त्या देशात कोट्यवधी एकरांवर अशी शेती होते. आपल्याकडे कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विना नांगरणी ऊस घेऊन त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं ‘सगुणा राइस टेक्निक’ तर कोकणात अनेकांनी पाहिलंय. गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, साच्याने खड्डे पाडून भात टोकायचा आणि कापणीनंतर मुळं तशीच जमिनीत ठेवायची. भर पावसात कमरेत वाकून लावणी केलेल्या बाईला विचारा, यातून काय वाचतं ते.

मग बाबा ऐकत का नाहीत? कारण त्यांच्याकडेही कारणं आहेत, आणि ती अडाणीपणाची नाहीत. उन्हाळ्यात खोल नांगरलं की हराळी, कुंदा, लव्हाळा यांच्या मुळ्या-गाठी वर येऊन उन्हात वाळतात. हुमणीच्या अळ्या आणि किडींचे कोष उघडे पडतात, पक्षी ते वेचून खातात. तापलेली जमीन पहिला पाऊस पिऊन घेते. शेती खातंही हेच सांगत आलंय. तेव्हा ‘नांगरट बंद’ म्हणताना या प्रत्येक कामाला पर्याय काय, हे आपल्याला सांगता यायला हवं.

उत्पन्नाचं काय? २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जगभरातल्या ६१० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसती सरासरी काढली तर विना नांगरणीत उत्पादन ५.७ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत, रानात काडीकचरा ठेवला आणि पीकही फेरपालट करून घेतलं, तेव्हा ते ७.३ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे आपल्या कोरडवाहू भागाला आशा आहे, पण तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर. नुसता नांगर सोडला आणि बाकी सगळं जुनंच ठेवलं, तर तोट्याचीच शक्यता जास्त.

आता यातली प्रत्येक अट घरात आणून बघा. काडीकचरा रानात ठेवायचा म्हणे. पण ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचं भुसकट दावणीला जातं. ते रानात ठेवलं तर गाय काय खाणार? चारा विकत आणायचा, तर तो खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा? शिवाय काड कुजताना सुरुवातीला मातीतलं नत्र खाऊन टाकतं. पीक पिवळं पडतं आणि शेजारी म्हणतात, “सांगितलं होतं.”

आणि तण. मला हा सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो. नांगरट आणि वखरणी थांबली की तण काढायचे दोनच मोठे रस्ते उरतात, खुरपं किंवा तणनाशक. खुरपं कुणाच्या हातात असतं? तुमच्या आईच्या, काकूच्या, रोजाने येणाऱ्या बायकांच्या. ट्रॅक्टरवाल्याचं भाडं वाचलं म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण तेच काम दोन महिने उकिडवं बसून आईने केलं, तर ते वाचलं कसं? आईच्या रोजाला घरच्या हिशोबात किंमत नसते, म्हणून ते फुकट दिसतं एवढंच.

दुसरा रस्ता तणनाशकाचा. विना नांगरणीच्या बऱ्याच पद्धती ग्लायफोसेटवर टेकलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये हे रसायन ‘माणसात कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं. इतर काही नियामक संस्थांना ते पटलेलं नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले. तेव्हा ज्या रीलमध्ये माती वाचवण्याची भाषा आहे पण तण कशाने मारलं ते दाखवलेलं नाही, ती अर्धवट आहे असं समजा. कार्बनच्या मोठमोठ्या दाव्यांचंही तसंच. नांगर सोडल्यावर वरच्या थरात कर्ब वाढतो, पण एकूण जमिनीत किती वाढतो यावर शास्त्रज्ञांत वाद आहे.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात शेतकऱ्याकडे सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. पीककर्ज हंगामाचं. पीकविमा ठरतो महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. तुमच्या एकट्याच्या रानात प्रयोग फसला तर विम्यातून दमडी मिळत नाही. माती वाहून गेली नाही, धरणात गाळ कमी साठला, डिझेल कमी जळलं, तर फायदा सगळ्यांचा. पहिल्या दोन-तीन वर्षांचा तोटा मात्र एकट्या शेतकऱ्याचा. हा हिशोब बरोबर नाही. या मधल्या वर्षांचा भार सरकारने उचलायला हवा आणि ही मागणी आपण मोठ्याने करायला हवी. पण ती मान्य होईपर्यंत काय?

तोपर्यंत बाबांना सल्ला देऊ नका, त्यांच्याकडे दहा गुंठे मागा. सव्वातीन एकरांतले दहा गुंठे गेले तरी घर उपाशी राहत नाही. शक्यतो हराळी-कुंदा नसलेला तुकडा घ्या. तिथे नांगर नको, धसकटं तशीच राहू द्या, तूर-हरभऱ्यासारखं कडधान्य फेरपालटीत आणा. बाकीचं रान बाबांच्या पद्धतीने चालू दे.

आणि एक वही घ्या. एका पानावर नांगरलेलं रान, समोरच्या पानावर न नांगरलेलं. ट्रॅक्टरचं भाडं, बियाणं, खत, औषध, विकतचा चारा. आईने खुरपणीत घातलेले तास, चालू मजुरीच्या दराने. शेवटी उत्पन्न. जमलं तर दरवर्षी माती परीक्षण करून सेंद्रिय कर्बाचा आकडा लिहा. सुट्टीत गावी असाल तेव्हा खुरपं स्वतः हातात घ्या, म्हणजे त्या तासांची किंमत वेगळी विचारावी लागणार नाही.

निदान तीन वर्षं हे करा. एका हंगामावरून ‘जमलं’ही म्हणू नका आणि ‘फसलं’ही. पदवीसाठी आपण तीन-चार वर्षं देतोच की.

तिसऱ्या वर्षी वही बाबांसमोर ठेवा. कदाचित आकडे तुमच्या बाजूने असतील, कदाचित त्यांच्या. आणखी दहा गुंठे वाढवायचे की ट्रॅक्टर बोलवायचा, हे मग दोघांनी मिळून ठरवा. आईला विचारून.