मीनावहिनी ते राधिका वागळे

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आमच्या दिंद्रुड गावाला त्या दिवसाचं अप्रूप असण्याचं कारण नव्हतं. इथे चित्राच्या कितीतरी आधी आवाज आला होता. परभणीचं आकाशवाणी केंद्र 1968 सालचं. दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या माणसांच्या बोचक्यात एखादा ट्रान्झिस्टर असायचा आणि कारखान्याच्या तळावर तो कोपीच्या मेढीला टांगला जायचा. टीव्ही पुढे आला, तोही एखाद्याच वाड्यात. उंबऱ्यापर्यंत माणसं दाटून बसायची.

दूरदर्शनच्या वर्धापनदिनी मोठ्या मुलाखती आणि गाजलेल्या मालिका आठवतात. त्या आठवाव्यातच. पण विनोदाची बाजू निघाली की पुरुषांची नावं भराभर येतात आणि बाई ‘ती वहिनी’ एवढ्यावर उरते. आज म्हणून दोघींविषयी.

पहिल्या नीलम प्रभू, ज्या पुढे करुणा देव झाल्या. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतल्या मीनावहिनी. प्रभाकर जोशी पंत, बाळ कुडतरकर टेकाडे भावजी. घरातल्या साध्याशा कुरबुरीवर तिघांचं बोलणं चालायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की भिंतीपलीकडचंच घर आहे. भावजींचं टुमणं, पंतांचा आव, आणि दोघांना जमिनीवर आणणारी वहिनी. रेडिओवर भुवई उंचावून भागत नाही. उत्तर देण्याआधी किती थांबायचं, ‘बरं’ म्हणताना त्यात होकार किती आणि टोमणा किती, हे सगळं गळ्यातून काढावं लागतं. वर्षानुवर्षं हे करत राहायचं आणि श्रोत्याला त्यामागचे कष्ट दिसू द्यायचे नाहीत, हे फार थोड्यांना साधतं.

दुसऱ्या भारती आचरेकर. गायिका माणिक वर्मांची ही लेक. वंदना गुप्ते तिची बहीण. अशा घरात कान तयार होतोच, पण कान तयार असणाऱ्या सगळ्यांना विनोद जमतो असं नाही. विजया मेहतांच्या ‘हमीदाबाईची कोठी’सारख्या गंभीर नाटकात काम केलेली ही अभिनेत्री 1988 मध्ये ‘वागले की दुनिया’त राधिका झाली. कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं, वागळे अंजन श्रीवास्तव. मालिका हिंदी, माणसं मात्र आपली. मराठवाड्याला हिंदीचं वावडं कधीच नव्हतं. भाबडा कारकून नवरा रोज कुठेतरी फसून येतो आणि हसू त्याच्या फजितीचं आहे, असं आपल्याला वाटतं. नीट पाहिलं तर हसू फुटतं ते राधिका त्याच्याकडे बघते तेव्हा. ती चिडलेली असते, पण त्याला उघडं पाडत नाही. ही बाई नुसती कजाग रंगवली असती तर मालिका चार भागांत शिळी झाली असती.

2021 मध्ये ‘वागले की दुनिया’ नव्या पिढीला घेऊन परतली. मुलगा सुमीत राघवन, आणि आई-वडील तेच दोघे. मधल्या 33 वर्षांत नट म्हातारे झाले, भूमिका म्हातारी झाली आणि प्रेक्षकही. एकाच बाईचं तरुणपण आणि म्हातारपण त्याच अभिनेत्रीने छोट्या पडद्यावर जगून दाखवावं, असे योग कमीच येतात.

पण त्यांचं आमच्या मते सगळ्यात धीट काम चित्रपटातलं आहे. ‘द लंचबॉक्स’ (2013) मधल्या देशपांडे काकू पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. वरच्या मजल्यावरून फक्त आवाज येतो आणि मसाल्याची टोपली खाली सुटते. नवरा वर्षानुवर्षं बेशुद्ध आणि काकूंच्या बोलण्यात तरीही मिश्कीलपणा. टीव्हीवर आयुष्य काढलेल्या बाईने इथे मीनावहिनींची विद्या वापरली. चेहरा काढून घेतला, तरी माणूस पुरा उभा राहिला.

आता एक मागणी. ‘पुन्हा प्रपंच’चं जे ध्वनिमुद्रण संग्रहात शिल्लक असेल, ते आकाशवाणीने बीड आणि परभणी केंद्रांवरून पुन्हा लावावं. सकाळी अकराची वेळ मात्र नको, तेव्हा इथल्या बाया कापसाच्या वेचणीला गेलेल्या असतात. रात्री जेवणं उरकल्यावर लावा.