जुन्या गाडीची भरपाई : वाद अपघातानंतर, मूळ नूतनीकरणात

अपघातात निकामी झालेल्या जुन्या मोटारीची विमा भरपाई मालकाला बहुधा तुटपुंजी वाटते. तेवढ्या पैशांत तशीच दुसरी गाडी मिळत नाही. मात्र या वादाचे मूळ अनेकदा विम्याच्या नूतनीकरणात असते.

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचे विमा घोषित मूल्य, म्हणजेच ‘आयडीव्ही’, घसाऱ्याच्या कोष्टकानुसार निघते. पाचव्या वर्षी ही घट ५० टक्के धरली जाते. त्यापुढे ते कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. हप्ता वाचावा म्हणून मालक कमी आकडा मान्य करतो आणि तोच पुढे नडतो. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडीची पूर्ण हानी मानली जाते. मूल्य २ लाख असेल, तर ही मर्यादा दीड लाखांवरच ओलांडली जाते.

एका मुद्द्यावर मात्र मालकाची बाजू भक्कम असते. पॉलिसीच्या प्रचलित अटींनुसार पूर्ण हानीच्या दाव्यासाठी हेच मूल्य मुदतभर बाजारभाव मानले जाते. त्यातून पुन्हा घसारा कापता येत नाही. तशी कपात झाल्यास, किंवा मोडकी गाडी मालकाकडेच ठेवताना भंगाराची किंमत फुगवून वजा केल्यास, कंपनीकडे लेखी हरकत नोंदवावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

परंतु स्वतःच मान्य केलेला आकडा नंतर वाढवून मागणे कठीण असते. हप्त्यात वाचलेले काही शे रुपये दाव्याच्या वेळी हजारोंनी महाग पडतात.