भट्टीसमोरचा कॅमेरा

मोबाइलच्या कॅमेऱ्याने घरीच टिपलेल्या आणि यूट्यूबसारख्या माध्यमावर ठेवलेल्या चित्रफितींमध्ये पारंपरिक कसबांचे चित्रण आता मोठ्या प्रमाणावर आढळते. पितळेच्या पातेल्याला कल्हई करणे, पाट्याला टाकी लावणे, माडाच्या झावळ्यांची झापे विणणे, खड्डामागावर घोंगडी विणणे, गुऱ्हाळात काहील उतरवणे अशी कितीतरी कामे त्यांत दिसतात आणि ती टिपणारा माणूस बहुधा त्या कारागिराच्याच घरातला, आळीतला किंवा गावातला असतो. या चित्रफितींची चर्चा होते ती करमणूक म्हणून किंवा उत्पन्नाचे साधन म्हणून. परंतु मुळात त्या दस्तऐवज आहेत. दस्तऐवज म्हणून त्यांचे मोल कशाने वाढते व कशाने घटते, हा प्रश्न आता विचारायलाच हवा, कारण ज्यांची कामे त्यांत नोंदली जात आहेत त्यांपैकी अनेकांच्या घरी पुढच्या पिढीने ते काम हाती घेतलेले नाही.

महाराष्ट्रातील कारागिरीच्या लेखी नोंदी पूर्वीही झाल्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे जिल्ह्यावरील, १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात तांब्या-पितळेची भांडी, रेशमी विणकाम, काचेच्या बांगड्या, कागद अशा धंद्यांची वर्णने आहेत. तर त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या, म्हणजे गावाची ठरावीक कामे करून त्याबद्दल पिकातला वाटा घेणाऱ्या कुटुंबांच्या, व्यवहाराचे बारकाईने केलेले चित्रण आहे. या लेखनाचे ऋण मोठे आहे. तरीही त्यात कारागीर हा वर्णनाचा विषय आहे, वर्णन करणारा नाही, आणि हाताला जे कळते ते शब्दांत उतरवण्याची अडचण कितीही चांगल्या लेखकाला चुकवता येत नाही. हंगेरीत जन्मलेले विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा ज्ञानाचा, म्हणजे माणसाला अवगत असूनही नियमांच्या रूपाने पुरते सांगता न येणाऱ्या ज्ञानाचा, विचार मांडला. त्याला मराठीत अव्यक्त ज्ञान म्हणता येईल. असे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाते ते शेजारी बसून पाहण्याने आणि पाहिलेले करून बघण्याने. घरगुती चित्रफीत हे शेजारी बसणे काही अंशी शक्य करते, पण ती कशी टिपली यावर ते सारे अवलंबून आहे.

कल्हईचेच उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथिलाचा पातळ थर. ताक, चिंच, कोकम यांसारखे आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत ठेवले की धातूचा अंश त्यांत उतरतो आणि पदार्थ कळकतो, म्हणजे त्याला हिरवट छटा व उग्र चव येते आणि तो खाण्याजोगा राहत नाही. कथिलाचा थर अन्न आणि धातू यांचा हा संबंधच तोडतो. भांडे आधी राख, वाळू, चिंच किंवा पातळ केलेले आम्ल वापरून आतून लख्ख करून घेतात, आणि ते मोठे असले तर कल्हईवाला स्वतः त्यात उभा राहून, पायाखाली फडके व वाळू घेऊन, कमरेतून डावीउजवीकडे वळत त्याचा तळ घासतो. मग जमिनीत खणलेल्या लहानशा भट्टीवर, भात्याच्या वाऱ्याने फुललेल्या कोळशांवर, सांडशीत धरलेले भांडे फिरवत फिरवत तापवले जाते. ते पुरेसे तापले की आत नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उठतो, आणि लगोलग कथिलाची कांडी तळाला टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भराभर सगळीकडे फिरवतात. क्षणापूर्वी काळवंडलेले भांडे आतून रुपेरी होते आणि ते लगेच पाण्यात बुडवले जाते.

यामागचे शास्त्र सांगता येते. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे वितळायला १,०८५ अंश लागतात, म्हणून भांड्याला धक्का न लागता त्यावर कथील पसरवता येते. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विभागतो, त्यांपैकी हायड्रोजन क्लोराइड तापत्या धातूवर चढलेला ऑक्साइडचा काळा पापुद्रा काढून टाकतो, आणि वर दिसणारा धूर म्हणजे हेच वायू थंड होऊन पुन्हा एकत्र आल्याने बनलेले नवसागराचे सूक्ष्म कण असतात. धातूचा असा उघडा झालेला पृष्ठभाग फार थोडा वेळ स्वच्छ राहतो, तेवढ्यात कथील पसरले पाहिजे. भांडे कमी तापले असेल तर कथिलाचे थेंब गोळे होऊन राहतात. जास्त तापले असेल तर कथील जळून पिवळट पडते. कल्हईवाल्याजवळ तापमापक नसतो. धूर कसा उठतो, कांडी टेकवल्यावर कथील किती सहज सरकते आणि बोळ्याखाली ते कसे लागते, यावरून तो भांडे आचेवर ठेवायचे की उचलायचे हे ठरवतो, आणि एकाच भांड्याच्या कडेला व तळाला वेगवेगळी आच द्यावी लागत असल्याने हा निर्णय त्याला पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

या कामाच्या ज्या चित्रफिती लोकप्रिय होतात त्यांत साधारणपणे काळे भांडे, धूर आणि चकाकी एवढे तीन क्षण पार्श्वसंगीतासह एकापाठोपाठ येतात. भट्टीवरचा मधला सगळा वेळ, भांडे वाकडे धरून काठ तापवणे, उचलून पाहणे, पुन्हा ठेवणे, एखाद्या जागी कथील धरले नाही म्हणून पुन्हा नवसागर टाकणे, हे संकलनात, म्हणजे टिपलेल्या चित्रणाची कापाकापी आणि जुळणी करताना, कंटाळवाणे म्हणून गळून पडते. शिकणाऱ्याला हवे असते ते नेमके हेच. प्रेक्षकासाठी केलेली चित्रफीत आणि शिकणाऱ्यासाठी केलेली चित्रफीत यांत फरक पडतो तो या जागी, आणि तो फरक मान्य करून दुसऱ्या प्रकारची बाजू उघडपणे घेतली पाहिजे.

याचा अर्थ वेळेला कात्री लावणे मुळातच वाईट, असा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या वाढीची रोज एकेक चौकट टिपली आणि महिन्याभराहून अधिक काळाची ती वाढ जेमतेम मिनिटभराच्या पटात दाखवली. भांडवल देणाऱ्याला या नव्या माध्यमाची ताकद पटवून देण्यासाठी घरच्या घरी केलेला तो प्रयोग होता, आणि मराठी माणसाने टिपलेल्या प्रक्रियाचित्रणाची परंपरा तिथून मोजली तर ते गैर ठरणार नाही. फाळक्यांनी वेग वाढवला तो डोळ्यांना एरवी न दिसणारी गोष्ट दिसावी म्हणून; कल्हईच्या चित्रफितीत वेग वाढवला जातो तेव्हा दिसत असलेलीच गोष्ट दिसेनाशी होते. संगीताचेही तसेच आहे. उत्तर क्वीन्सलंडच्या रानात नुसत्या हातांनी झोपड्या, भट्ट्या आणि कौले बनवून दाखवणाऱ्या जॉन प्लँट या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी २०१५ पासून ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ या नावाने ज्या चित्रफिती केल्या, त्यांत संगीत नाही आणि ते स्वतः एक शब्दही बोलत नाहीत, तरी त्यांना जगभर प्रचंड प्रेक्षकवर्ग मिळाला. कामाचा स्वतःचा आवाज लोकांना पुरतो, याचा याहून मोठा पुरावा नको. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवण्याचे जे मठारकाम चालते, त्यात ठोका बरोबर बसला की नाही हे कारागिराला डोळ्यांइतकेच कानांनी कळते. तिथे सनईची ध्वनिफीत वर चढवणे म्हणजे नोंदीचा अर्धा भाग पुसून टाकणे होय.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हाही केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. कारागिराच्या समोर उभे राहून टिपलेल्या चित्रणात त्याचा चेहरा दिसतो, पण त्याचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला येतो, आणि गाठ मारणे, वेत विणणे, सूत काढणे अशा कामांत पाहणाऱ्याला प्रत्येक हालचाल मनात उलटवून घ्यावी लागते. मागून, खांद्यावरून टिपले तर पाहणारा कारागिराच्या जागी बसतो. भट्टीचे चित्रण करताना आणखी एक अडचण येते: फोनचा कॅमेरा प्रकाश आपोआप जुळवून घेत असल्याने कोळसे फुलले की चौकट अंधारते आणि भांड्याच्या आतला भाग, म्हणजे जिथे सगळे घडते तो भाग, काळा पडतो. प्रकाशाचे हे मोजमाप भांड्याच्या आतल्या बाजूवर बोट ठेवून पक्के करता येते. तसेच बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून पार्श्वभूमीचा आवाज दाबणारी जी सोय अनेक फोनमध्ये असते, ती बंद केली नाही तर भाता गप्प होतो.

घरच्या माणसाने कॅमेरा धरण्याचा सर्वांत मोठा लाभ मात्र तांत्रिक नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांच्या पाककृती त्यांच्या नातवाने २०२० मध्ये ‘आपली आजी’ या नावाने यूट्यूबवर आणल्या आणि त्या घरोघरी पोचल्या. अशा चित्रफितींत आजी बोलते ती अनोळखी प्रेक्षकाशी नव्हे, तर समोरच्या नातवाशी, आणि म्हणून ‘अंदाजाने घाल’ म्हटल्यावर अंदाज म्हणजे किती हे विचारण्याचा हक्क असलेला माणूस तिथे हजर असतो. बाहेरून आलेला चित्रण करणारा असे प्रश्न विचारायला संकोचतो, किंवा काय विचारावे हेच त्याला ठाऊक नसते. कॅमेऱ्यामागचा आवाज काढून टाकण्याची जी रूढी आहे ती घरगुती चित्रफितींनी मुळीच पाळू नये. मुलीने विचारलेले भाबडे प्रश्न आणि आईने त्यांना दिलेली त्रासिक उत्तरे हा त्या नोंदीचा गाभा आहे.

गावातील दृश्यांच्या चित्रफितींबद्दल थोडक्यात एवढेच म्हणता येईल की, त्यांतले मोलाचे पुष्कळदा चौकटीच्या कडेला असते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात गुळव्या, म्हणजे गुळाचा पाक जोखणारा जाणता माणूस, उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का पाहत असतो तेव्हा टिपणाऱ्याचे लक्ष त्याच्यावर असते. पण त्याच चौकटीत चुलवणात चिपाडे सारणारा जाळव्या येतो, मळी काढायची झारी येते, भिंतीवर लिहिलेला हिशेब येतो, आणि पन्नास वर्षांनी कदाचित तो हिशेबच अभ्यासकाला अधिक हवासा वाटेल.

या साऱ्याला एक गंभीर बाजू आहे. कल्हई ‘घरी करून पाहा’ म्हणून दाखवणाऱ्या चित्रफितींत नवसागराचा धूर बंद खोलीत कोंडू नये, आम्ल उघड्या हाताने हाताळू नये, हे क्वचितच सांगितले जाते. त्याहून घातक गोष्ट कथिलातल्या भेसळीची. शिसे कथिलापेक्षा स्वस्त असते आणि योग्य प्रमाणात मिसळले तर ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, त्यामुळे नवशिक्याला ते पसरवायला उलट सोपे जाते आणि भांडे तितकेच चकाकते. शिसे मात्र अन्नातून शरीरात गेले की मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. शुद्ध कथील ओळखून घेणे हा कल्हईवाल्याच्या कसबाचाच भाग आहे, आणि जी चित्रफीत चकाकी दाखवते पण कांडी कशाची हे सांगत नाही ती अपुरीच नव्हे, तर धोक्याची आहे.

आणि मग टिकण्याचा प्रश्न येतो. जर्मनीतील ग्यॉटिंगन येथील वैज्ञानिक चित्रपट संस्थेने १९५२ मध्ये चित्रपटांचा एक विश्वकोश हाती घेतला होता. त्यात जगभरच्या हस्तकामांचे चित्रण काटेकोर नियमांनी, एका पटात एक प्रक्रिया अशा रीतीने साठवले गेले. ती संस्था २०१० मध्ये बंद झाली, पण तिचा संग्रह हॅनोव्हर येथील तंत्रविज्ञान ग्रंथालयाकडे सोपवला गेला व तो आजही अभ्यासकांना पाहता येतो. भारतात २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली तेव्हा टिकटॉकवर साठलेले खेड्यापाड्यांतले चित्रण पाहता पाहता इथल्या प्रेक्षकांना दिसेनासे झाले, आणि ज्यांनी मूळ प्रत फोनमध्ये ठेवलेली नव्हती त्यांचे काम त्यांच्याच हातातून गेले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे; एका खासगी कंपनीच्या साठवणीला संग्रहालय समजणे ही चूक मात्र त्यात उघडी पडली.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये खेड्यांपर्यंत पसरलेली आहेत, आणि जुनी वृत्तपत्रे जपण्याची सवय त्यांपैकी अनेकांना आहे. तालुक्याच्या ग्रंथालयाने आपल्या भागातील अशा चित्रफितींच्या न कापलेल्या मूळ प्रती दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात, यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक प्रतीसोबत एक कागद असावा: चित्रण कुठे व कधी झाले, काम कोणी केले आणि ते कोणाकडून शिकले, माल कुठून आला, अवजारांना त्या घरात काय म्हणतात, कोणता टप्पा चित्रणात आलेला नाही. त्याच कागदावर, हे चित्रण कोणाला दाखवायचे, त्यातून पैसे आले तर त्यांतला वाटा कोणाचा आणि कोणती गोष्ट घराबाहेर सांगायची नाही, हे कारागिराने स्वतः सांगून त्याखाली सही केलेली असावी.