वहीतला काढा, टाकीतलं औषध

शेजारच्या आठवीतल्या मुलाची वही परवा त्याच्या आईनं रागानं माझ्यासमोर आणून टाकली. "पाहा वहिनी, परीक्षा तोंडावर आली अन् हा विष बनवायच्या कृती लिहून रायला!"

वही उघडली आणि मी वाचतच बसले. माइनक्राफ्ट नावाच्या मोबाइलवरच्या खेळातले काढे होते ते. पाण्याच्या बाटलीत आधी नेदर वार्ट नावाची वनस्पती घालायची, की मूळ काढा तयार. त्यात साखर पडली की पळण्याचा वेग वाढतो, कोळ्याचा डोळा पडला की विष. रेडस्टोनची पूड घातली तर परिणाम जास्त वेळ टिकतो. सगळं खोटं, पण मांडणी बघा! पुढे अनुक्रमणिका, मग कामानुसार कृती, शेवटी कोणता जिन्नस कुठे कुठे लागतो त्याची यादी. "काकू, यादी नसली तर ऐनवेळी सापडत नाही न," म्हणाला.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. माझ्या पाककृतींच्या वहीत लोणच्याच्या पानावर दुधाचा हिशोब आहे. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली, म्हणून कितीतरी नव्या सुना तरल्या. आपण मात्र अजून "अंदाजानं घाल गं" म्हणतो.

स्वयंपाकात अंदाज चुकला तर भाजी खारट होते, एवढंच. पण आपल्या घरात दुसरीही रसायनं आहेत. मोरीत ब्लीचिंग पावडर टाकून त्यावरच ॲसिड ओतलं की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. दोन्ही मिळून जास्त स्वच्छ होईल, असं समजणाऱ्या बायका मी कामरगावातच पाहिल्यात, शिकलेल्यासुद्धा. आणि शेतात? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विसाच्या वर माणसं गेली. कारणं बरीच होती, त्यात निरनिराळी औषधं एकाच टाकीत कालवणं हेही होतं. डब्यावरची बारीक अक्षरं वाचणार कोण? फवारणाऱ्याला तर कितीदा चष्माही नसतो.

म्हणून मुलाची वही फाडायला माझा ठाम विरोध आहे. पहिल्या पानावर 'हे खेळातलं आहे, खरं नाही' असं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, एवढं पुरे. त्याच्या आईला हे पटलेलं नाही. मोबाइलचा वेळ कमी करायलाच हवा, हे तिचं म्हणणं मला मान्य आहे.

मी मात्र त्याला एक काम दिलं. आमच्या बचत गटात जीवामृताची कृती दर वेळी वेगळी निघते. एक म्हणते गूळ किलोभर, दुसरी म्हणते पसाभर. त्यानं विचारून विचारून लिहिलं: एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. त्याखाली स्वतःच्या मनानं लाल शाईत एक रकाना आखला, 'एकत्र करू नये'. तिथे ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड लिहून झालंय. फवारणीच्या औषधांसाठी आम्ही दोघं येत्या सोमवारी कृषी सहाय्यकांना गाठणार आहोत.