तिवराला वन म्हणता, मग वनहक्क कुठं अडला?

साथींनो, डोंगरातल्या वाड्यांना वाटेल, खाडीच्या चिखलाशी आपला काय संबंध. संबंध आहे. धरमतर खाडीकाठच्या आम्हा कातकऱ्यांना तिवर म्हणजे तुमचं ऐनाचं, पळसाचं रानच. वीटभट्टी सुटली आणि लावणी लागायची आहे, त्या दिवसांत चिंबोरी, निवट्या, कोलंबी याच्यावरच चूल पेटते.

६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई हायकोर्टाने हुकूम दिला. राज्यभर तिवर तोडायला बंदी, तिवरापासून ५० मीटरच्या आत बांधकाम बंद, सरकारी जागेवरचं तिवर संरक्षित वन म्हणून वनखात्याकडे. हुकूम चांगलाच आहे, डंपरवाल्यांना कुणीतरी अडवायलाच पाहिजे होतं. पण अंमल बघा. रात्री भराव टाकणारा डंपर कुणाला दिसत नाही. वाळक्या काटक्यांची मोळी घेऊन येणारी बाई मात्र भर दुपारी दिसते.

मग लागवड येते. बोर्ड, फोटो, पिशवीतली रोपं एका रांगेत. ओहोटीलाही पाणी हटत नाही अशा जागी रोवतात. तिवराचे चिखलातून वर आलेले खुंटे कशाला असतात? झाड त्यातून श्वास घेतं. ते सारखे पाण्याखाली राहिले की गुदमरतं. उंचावर लावलं नि भरती पोचली नाही, तर वाळतं. हे आमच्या वाडीतलं शाळा सोडलेलं पोर सांगेल. विचारलंय कुणी?

बी तर पाणीच आणतं. कांदळाच्या शेंगा झाडावरच कोंब धरतात, गळून भरतीवर तरंगत जातात आणि जमेल तिथं रुजतात. जवळ बियाची मोठी झाडं असतील तर भरावाने नि कोलंबीच्या तलावांच्या बांधांनी अडवलेली पाण्याची वाट मोकळी करा, गुरं आणि कुऱ्हाड तीन-चार पावसाळे लांब ठेवा. बरंचसं तिवर आपोआप उभं राहतं. (भातशेतीचे खारबांध फोडा असं आम्ही म्हणत नाही, ते शेतकऱ्याचं पोट आहे.) यात रोपांचं टेंडर निघत नाही, एवढीच अडचण.

आता मुख्य गोष्ट. तिवराला वन तुम्हीच म्हणालात. मग २००६ चा वनहक्क कायदा तिथं का चालत नाही? "हक्क डोंगरातल्या प्लॉटचा, खाडीत कसला?" असं आम्हाला ऐकवतात. कायद्यात असं कुठं लिहिलंय ते दाखवा. त्यात वनजमीन म्हणजे कोणत्याही प्रकारची वनजमीन. कलम ३ मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उपजांवर सामूहिक हक्क आहे. परंपरेने राखलेलं वन राखायचा, पुन्हा उभं करायचाही हक्क आहे. कलम ५ ग्रामसभेला राखणीचा अधिकार देतं. म्हणजे राखणदार आम्ही. आम्हाला रोजंदारीवर खड्डे खणायला बोलवून 'लोकसहभाग' म्हणू नका.

खाडीकाठच्या वाड्यांनी सामूहिक दाव्यात तिवराची जागा लिहायचीच. उधाणाचं पाणी कुठवर येतं, चिंबोऱ्या कुठं धरतो, बाया शिंपल्या कुठं वेचतात, सगळं नकाशावर काढा. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदन चालतं, फक्त ते स्वतः दावेदार नसावेत. आगरी-कोळी शेजाऱ्यांनाही बसवा. त्यांच्यातले जे आदिवासी नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो, तो आत्तापासून गोळा करू द्या. दावा दिला की तारखेची पोच हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही.